कोर्लई: गड गेला, बोली राहिली

अलिबागहून काशीद-मुरूडकडे जाताना रेवदंड्याला कुंडलिका नदीवरचा पूल लागतो. पूल ओलांडताना उजव्या हाताला समुद्रात घुसलेली एक लांबट, बुटकी टेकडी दिसते. पण गाडीत गाणी चालू असतात, काशीदच्या हॉटेलात जेवणाची वेळ सांगून ठेवलेली असते. त्यामुळे बहुतेक मंडळी "वा, काय व्ह्यू आहे!" एवढं म्हणून पुढे सटकतात. थोडे लोक खालच्या दीपगृहापर्यंत जाऊन फोटो काढतात. त्याहून थोडे वर किल्ल्यावर चढतात. आणि टेकडीच्या पायथ्याशी जे गाव आहे, तिथे तर जवळजवळ कोणीच थांबत नाही.

हा लेख त्या टेकडीबद्दल आहे आणि त्याहून जास्त त्या गावाबद्दल.

भूगोलाच्या पुस्तकात अशा जागेला भूशिर म्हणतात. म्हणजे जमिनीचा समुद्रात पुढे शिरलेला उंच तुकडा. कोर्लईचं भूशिर अगदी पुस्तकातल्या चित्रासारखं आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला आणि पूर्वेला कुंडलिकेची खाडी, आणि दक्षिणेला जमिनीशी जोडणारी एक पट्टी. उंची शंभर मीटरसुद्धा नाही. वर माथ्यावर पाऊण किलोमीटरहून थोडा जास्त लांब आणि अगदी अरुंद असा किल्ला, एखादी आगगाडी टेकडीवर उभी करून ठेवावी तसा. पोर्तुगीज या जागेला 'मोरो' म्हणत. मोरो म्हणजे त्यांच्या भाषेत टेकडी, चौलची टेकडी.

आता आधी एक खुलासा. समुद्र, खाडी, भूशिर वगैरे विषयांवर लिहिणारा मी मूळचा सडक अर्जुनीचा. गोंदिया जिल्ह्यात दोन अर्जुनी आहेत, एक मोरगाव अर्जुनी आणि दुसरी आमची, हायवेवरची, म्हणून सडक अर्जुनी. मुंबईपासून जवळजवळ हजार किलोमीटर. आमच्याकडे पाणी बघायचं म्हणजे नवेगाव बांधला जायचं. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात आणि लहानपणी आम्हाला तोच समुद्र वाटायचा. गंमत म्हणजे आमच्या गावातून जाणारा तो हायवे, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 6 आणि आताचा 53, सुरतजवळच्या हजिऱ्याला सुरू होतो आणि ओडिशात पारादीपला संपतो. म्हणजे आमच्या दारातल्या सडकेच्या दोन्ही टोकांना समुद्र आणि आम्ही मध्ये, जंगलात! त्यामुळे नोकरीसाठी मुंबईला आल्यावर समुद्राकडे मी जरा परक्याच्या नजरेनेच बघतो. असो. गावाचा उल्लेख मुद्दाम केलाय, त्याचं कारण पुढे येईल.

कोर्लईला आपण आज 'मुंबईजवळचं ठिकाण' म्हणतो. पाचशे वर्षांपूर्वी हे वाक्य कोणालाच कळलं नसतं. तेव्हा मुंबई म्हणजे काही बेटं, नारळी, भातखाचरं आणि कोळीवाडे. मोठं शहर होतं ते चौल. कोर्लईच्या समोर, खाडीच्या उत्तर तीरावर आज जी रेवदंडा-चौल अशी शांत, सुपारीच्या वाड्यांची जोडगावं आहेत ना, तेच.

चौलचं वय किती? पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ग्रीक लेखनात 'सेमिल्ला', 'सिमुल्ला' अशी नावं येतात, ती चौलची मानली जातात. अरब त्याला 'सैमूर' म्हणत. बगदादचा प्रवासी अल मसूदी इथे इसवी सन 916 च्या सुमारास आला होता. शहरात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे हजार वर्षांपूर्वी इथे परदेशी व्यापाऱ्यांची चांगली मोठी वस्ती होती.

पुढे 1469 च्या सुमारास इथे एक रशियन उतरला. अफानासी निकितिन, त्वेर गावचा व्यापारी. वास्को द गामा कालिकतला पोचायच्या जवळजवळ तीस वर्षं आधी! त्याने सोबत एक घोडा आणला होता. दख्खनच्या सुलतानांना अरबी-इराणी घोडे लागत, ते समुद्रातून येत, आणि चौल हे त्याचं एक मोठं बंदर. एक घोडा विकला की सगळा खर्च निघून वर नफा, असा त्याचा साधा स्टार्टअप प्लॅन होता. प्रत्यक्षात चौलहून घाट चढून जुन्नरला गेल्यावर तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला आणि धर्म बदल तर परत देतो म्हणाला. एका खोरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून निकितिनचा धर्म आणि घोडा दोन्ही वाचले. त्याच्यावर 1957 साली 'परदेसी' नावाचा भारत-सोव्हिएत सिनेमा निघाला होता, नर्गिस आणि बलराज साहनी होते त्यात. रेवदंड्यात त्याचं स्मारकही आहे, 2002 सालचं.

सांगायचा मुद्दा हा की चौल हे त्या काळचं कॉस्मोपॉलिटन शहर होतं. आणि मोठ्या बंदराला एक मोठी काळजी असते: खाडीच्या तोंडावर कोण बसलंय? कुंडलिकेतून चौलला जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला कोर्लईच्या टेकडीखालूनच जावं लागे. ज्याच्या तोफा त्या टेकडीवर, त्याच्या हातात शहराचा गळा. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्या ट्रॅफिकचा एकच गेटवे आणि त्याचा अॅडमिन पासवर्ड टेकडीवर.

पोर्तुगीज इथे आले तेच मार खात. 1508 च्या मार्चमध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आणि दीवच्या मलिक अयाजची गलबतं, अशी दोघांची मिळून चौलच्या खाडीत पोर्तुगीजांशी लढाई झाली. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लॉरेन्सो त्यांचं नेतृत्व करत होता. माघार घेताना त्याचं जहाज मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खांबांत अडकलं आणि तिथेच तो मारला गेला. म्हणजे लिस्बनच्या बड्या सरदाराच्या पोराला अडकवलं कोणी, तर इथल्या कोळ्यांच्या खांबांनी. बापाने पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1509 मध्ये, दीवच्या लढाईत त्याचा सूड घेतला आणि अरबी समुद्रावर पोर्तुगीजांचा वचक बसला.

1521 मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने (हा पहिला बुऱ्हाण) पोर्तुगीजांना रेवदंड्याला कोट बांधायची परवानगी दिली. त्यांना घोड्यांचा व्यापार हवा होता, निजामशहाला घोडे हवे होते. व्यवहार सरळ होता. पण टेकडी मात्र दोघांपैकी कोणी बांधली नाही. ती मोकळी राहिली तोवर कसाबसा समतोल होता. 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला मोठा वेढा घातला आणि त्याच वेळी विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला. दोन्ही वेढे फसले. फेरिश्ता हा इतिहासकार म्हणतो की निजामशाही अधिकारी पोर्तुगीजांच्या भेटींना, विशेषतः मद्याला, भुलले. खरं असेल किंवा हरल्यावरची सबब असेल. पराभवाचं खापर फोडायला कोणीतरी लागतंच, प्रोजेक्ट फसल्यावर आपल्याकडेही लागतं :)

मग आला दुसरा बुऱ्हाण निजामशहा. त्याच्या राज्यात ही टेकडी मोकळी राहिली नाही. 1592 पासून त्याने कोर्लईवर मजबूत किल्ला उभारायला घेतला. वरून तोफा थेट रेवदंड्यावर डागता येत. पोर्तुगीजांचा श्वासच कोंडला. त्यांनी वसई, साष्टीकडून कुमक मागवली आणि सप्टेंबर 1594 मध्ये टेकडीवर हल्ला केला. पोर्तुगीज वृत्तांतात एका हत्तीची गोष्ट येते. पळून आत शिरणाऱ्या सैन्याची गर्दी, त्यात दारातच हत्ती कोसळला आणि दरवाजा लावताच आला नाही. पोर्तुगीज त्याच फटीतून आत घुसले. कोट्यवधी खर्चून उभारलेली सिस्टीम एका अडकलेल्या प्रोसेसमुळे बसावी, तसा प्रकार. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वारला, अहमदनगरमध्ये वारसाहक्काचा गोंधळ माजला, मोगल वेशीवर आले आणि चांदबिबीला शहर लढवावं लागलं. कोर्लई परत घ्यायला निजामशाहीला सवडच उरली नाही.

त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं टेकडी पोर्तुगीजांकडे राहिली. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा घातला, पण ठाणं पडलं नाही. शेवट झाला तो 1739-40 मध्ये. चिमाजी अप्पांच्या उत्तर कोकणातल्या मोहिमेत मे 1739 मध्ये वसई पडली. इकडे कोर्लईला सुभानराव माणकरांनी वेढा घातला. वसई गेल्यावर चौल-कोर्लई धरून ठेवण्यात पोर्तुगीजांना काही राम उरला नव्हता. त्यांनी चौल इंग्रजांना देऊ केलं, इंग्रजांनी नको म्हटलं आणि मध्यस्थी तेवढी केली. 1740 च्या तहात चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पुढे 1818 मध्ये पेशवाईबरोबर सगळंच इंग्रजांकडे गेलं.

पण तोवर या टेकडीची किंमतच संपली होती. 1661 मध्ये मुंबई पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाला मिळाली होती आणि 1668 मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकली होती. मुंबईचं बंदर खोल, मोठ्या जहाजांना सोयीचं. व्यापारी, विणकर, दलाल हळूहळू तिकडे सरकले. चौल ओस पडत गेलं. गळाच उरला नाही तर गळ्यावरच्या हाताला काय अर्थ? आज कोर्लई आपल्याला 'निसर्गरम्य' दिसते त्याचं खरं कारण हे आहे. तिचा उपयोग संपला, म्हणून ती सुंदर झाली. उपयोग चालू असता तर तिथे आज क्रेन, कंटेनर आणि 'फोटो काढण्यास सक्त मनाई' अशी पाटी असती.

किल्ला बघायला काय आहे? पुष्कळ आहे. दीपगृहाच्या मागून पायऱ्या चढत साधारण पंधरा-वीस मिनिटांत वर पोचता येतं. एकामागून एक दरवाजे लागतात. शत्रूने एक कप्पा जिंकला तरी पुढचा बंद राहावा अशी रचना. तोफा पडून आहेत. पाण्याचं टाकं आहे. छप्पर उडालेलं चर्च आहे, त्याच्या भिंती अजून ताठ उभ्या. आणि त्याच किल्ल्यात महादेवाचं छोटं देऊळही आहे. ही दोन्ही शेजारी-शेजारी बघितली की मालक कसे बदलत गेले ते वेगळं वाचावं लागत नाही. उत्तरेच्या टोकाला जाऊन उभं राहिलं की समोर रेवदंड्याचा कोट, माडांतून डोकं काढणारा त्याचा सातखणी मनोरा, खाली खाडीचं तोंड आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या मासेमारीच्या बोटी. त्या जागी उभं राहिल्यावर 1594 ची लढाई का झाली ते नकाशाशिवाय कळतं.

पण मला इथली सगळ्यात जुनी टिकलेली गोष्ट टेकडीवर नाही, खाली सापडली.

उतरल्यावर गावातल्या एका छोट्या दुकानात पाण्याची बाटली घ्यायला थांबलो होतो. दुकानातल्या मावशी आणि एक म्हातारी बाई बोलत होत्या. कान मराठीचा सूर पकडत होता, पण शब्द एकही पकडत नव्हता. कोकणी म्हणावी तर तीही नव्हती. न राहवून विचारलं, "मावशी, ही कुठली भाषा?"

"आमची."

"हो, पण नाव काय तिचं?"

"आमचीच रे बाबा. 'नो लिंग.' म्हणजे आमची भाषा." मग मला वरखाली बघून, "तू कुठला?"

"गोंदियाकडचा. नागपूरच्या पलीकडे."

"म्हणजे तिकडं समुद्र नाय." आणि दोघी हसल्या.

'नो लिंग' ही पोर्तुगीज आणि मराठीच्या संगमातून तयार झालेली भाषा आहे. गावातले लोक तिला क्रिस्तीही म्हणतात. अशा मिश्र मातृभाषांना भाषाशास्त्रात क्रिओल म्हणतात. दोन परक्या माणसांना एकमेकांशी बोलायची गरज पडते, कामापुरती मोडकीतोडकी भाषा तयार होते, आणि मग त्यांची पोरं तीच आई म्हणून बोलायला लागतात. की झाली भाषा, व्याकरणासकट. कोर्लईच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत आज हजाराच्या आसपास माणसं ती बोलतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर 1996 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलंय.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळेल. पोर्तुगीज हा मूळ कोड. सोळाव्या शतकात कोर्लईत त्याचा एक फोर्क निघाला. 1740 मध्ये पोर्तुगीज सैन्य आणि अधिकारी निघून गेले आणि मूळ रिपॉझिटरीशी रोजचा संबंध तुटला. त्यानंतर पावणेतीनशेहून जास्त वर्षं हा फोर्क आजूबाजूच्या मराठीतून पॅच घेत स्वतःच वाढतोय. शब्द पुष्कळसे पोर्तुगीज, पण वाक्याचा सांगाडा मराठीकडे झुकलेला. पोर्तुगीजमध्ये 'मी खातो भात' असा क्रम असतो. कोर्लईत मराठीसारखं 'मी भात खातो'. क्रियापद शेवटी. म्हणजे मला दुकानात सूर ओळखीचा आणि शब्द अनोळखी वाटले, त्याला व्याकरणात आधार आहे!

आता यातली खरी नवलाची गोष्ट बघा. पोर्तुगीज मिश्र भाषा ही एकट्या कोर्लईची नव्हती. वसई, ठाणे, वांद्रे, माहीम, खुद्द मुंबई, सगळीकडे ती बोलली जायची. मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो या गोव्याच्या विद्वानाने 1906 मध्ये उत्तरेकडच्या या बोलीवर सविस्तर निबंध लिहिला. तो लिहीपर्यंतच मुंबईच्या बाजूला तिची सद्दी संपत आली होती. इंग्रजी आली, रेल्वे आली, नोकऱ्या आल्या, आणि बोली गेली. कोणी बंदी घातली नाही, कोणी तोफा डागल्या नाहीत. दीव आणि दमणला पोर्तुगीज राज्य 1961 पर्यंत होतं, त्यामुळे तिथे ती टिकली हे समजू शकतं. पण कोर्लईत? राज्य गेलं, शहर गेलं, व्यापार गेला, आणि मच्छीमार-शेतकऱ्यांच्या एका वस्तीने ती सांभाळली.

का टिकली, याचं अभ्यासकांनी दिलेलं उत्तर फारसं रोमँटिक नाही. ही माणसं धर्माने शेजारच्या हिंदू गावांपासून वेगळी होती आणि जातीमुळे वरच्या थरातल्या ख्रिश्चनांपासूनही. लग्नं आपसातच. एका बाजूला टेकडी, एका बाजूला खाडी, पूल व्हायच्या आधी रेवदंड्याला जायला तर. चर्चमध्ये पाद्री येत ते पोर्तुगीज जाणणारे, आणि हे विसाव्या शतकातही बरीच वर्षं चाललं. थोडक्यात, भाषा प्रेमामुळे टिकली तेवढीच एकटं पाडल्यामुळेही टिकली. हे ऐकायला कडू आहे, पण लपवण्यात अर्थ नाही. आणि त्याचा पुढचा भाग आणखी अवघड आहे. एकटेपण संपणं ही गावासाठी चांगली गोष्ट आहे. पूल झाला, रस्ता आला, मराठीतून शिक्षण आलं, अलिबाग-मुंबईला नोकऱ्या मिळू लागल्या. पण ज्या भिंतींच्या आडोशाला ही बोली जगली, त्याच भिंती आता पडतायत.

आता सडक अर्जुनी.

आमच्या घरी बोलतात ती झाडीबोली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीची बोली. तिच्यात ण नाही आणि ळ नाही. पाणी म्हणजे 'पानी', डोळा म्हणजे 'डोरा'. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा रीतसर अभ्यास केला, ती लिहिण्याची, तिची संमेलनं भरवण्याची चळवळ उभी केली. त्यांनी दाखवून दिलं की या गोष्टी चुका नाहीत, नियम आहेत. ण चुकून न होत नाही, दर वेळी होतो. जी गोष्ट दर वेळी, सगळ्यांकडून, एकाच पद्धतीने होते ती बग नसते, ते स्पेसिफिकेशन असतं.

पुण्याला हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात मी 'पानी' म्हणालो तेव्हा खोलीतल्या तिघांनी हे स्पेसिफिकेशन वाचलेलं नव्हतं. हसले. मनाने वाईट पोरं नव्हती ती, अजून मित्र आहेत. पण सहा महिन्यांत माझा ण पक्का झाला आणि एका वर्षात ळ. आज घरी फोन केला की आईशी बोलताना बोली आपोआप येते. माझी भाची नागपुरात इंग्रजी शाळेत जाते, तिला आजीचं बोलणं कळतं, पण ती उत्तर देते हिंदी-मराठीत. पुढच्या पिढीला कळणारही नाही. कोणी तोफ डागलेली नाही. वांद्र्याला झालं तेच.

म्हणून कोर्लईच्या दुकानातल्या त्या दोन बायकांचं बोलणं मला किल्ल्यापेक्षा मोठं वाटलं. किल्ला चार हातांतून गेला: निजामशाही, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. दर वेळी जिंकणाऱ्याला वाटलं असेल, आता ही जागा आपली. त्यांच्यातलं कोणी उरलं नाही. उरली ती खाली राहणाऱ्यांची भाषा, जिच्यासाठी कोणी एक दगडही रचला नव्हता.

आणि आपण पोर्तुगीज भाषेला अगदी परकं समजायचं कारण नाही. बटाटा, पाव, कोबी, हापूस, साबण, बादली, चावी, लिलाव, तुरुंग, मेस्त्री हे सगळे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. आपण महिनाअखेरीस ज्याच्याकडे डोळे लावून बसतो, तो 'पगार'सुद्धा! सडक अर्जुनीला एकही पोर्तुगीज जहाज कधी आलं नाही, यायला पाणीच नाही. पण बादली आणि चावी तिथेही पोचल्या, माणसांच्या तोंडून तोंडी, हजार किलोमीटर. भाषा अशीच फिरते. तिला बंदर लागत नाही, बोलणारं माणूस लागतं.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. छान झालं, पेढे वाटले. पण अभिजात म्हणजे जुनी, समृद्ध परंपरा, असं म्हणायचं तर ती परंपरा पुस्तकांइतकीच या बोलींतही आहे. रत्नागिरीपासून देवरीपर्यंत. आणि मला विचाराल तर 'नो लिंग'सुद्धा महाराष्ट्राचीच भाषा आहे. जन्म इथला, वाक्याचा सांगाडा इथला, बोलणारी माणसं इथली. आपल्या राज्याच्या भाषांच्या यादीत तिला जागा नसेल तर यादी लहान आहे, भाषा नाही.

आता जाणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती. मुंबईहून गेटवेवरून मांडव्याला लाँच जाते, तिथून बसने अलिबाग. पावसाळ्यात लाँच बंद असतात. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे, मार्च 2020 पासून सुरू झालेली. रस्त्याने जायचं तर जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू झाल्यापासून निम्मा वैताग कमी झालाय. अलिबागहून रेवदंडा साधारण सतरा किलोमीटर, पूल ओलांडला की कोर्लई. आधी रेवदंड्याचा कोट बघा, मग टेकडी चढा, म्हणजे इतिहास उलगडत जातो. सकाळी लवकर जा, वर सावली नाही. तटावर उगाच चढू नका, दगड सुटे आहेत आणि खाली थेट समुद्र आहे. आणि गावातून जाताना गाडीचा वेग आणि गाण्याचा आवाज दोन्ही कमी ठेवा, रस्ता लोकांच्या दारातून जातो.

उतरल्यावर गावात थांबा. पाणी घ्या, सोडा घ्या, सुकी मासळी आवडत असेल तर घ्या. भाषा ऐकायला मिळाली तर ऐका. मोबाइल काढून "बोलून दाखवा ना" असं मात्र म्हणू नका, ती काही प्रदर्शनातली वस्तू नाही, त्यांच्या घरातली आहे. मला तर त्या दिवशी उलटाच प्रश्न आला. निघताना त्या म्हाताऱ्या बाईंनी मराठीत विचारलं, "तुमच्याकडं पाण्याला काय म्हणतात?"

"पानी," मी म्हणालो.